एकरी सरासरी

लेक दहावीला गेली की आईचीही पुन्हा एकदा दहावी होते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जानेवारी सरत आला आहे. बारामतीत आमच्या घराखालच्या रस्त्यावरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात, वळणावर एखादं कांडं निसटून पडतं आणि शाळेतून येणारी पोरं ते उचलून पळत सुटतात. ऊन अजून बोचत नाही, पण सकाळची थंडी आता नावालाच उरली आहे. लेक जेवणाच्या टेबलावर कंपासपेटी उघडून बसते, पेन्सिलीचं टोक चावते आणि मध्येच विचारते, "आई, संचित वारंवारता काढताना बेरीज वरून करायची का खालून?"

"वरून," मी कणीक मळता मळता सांगते.

आणि माझं डोकं तिथंच अडकून बसतं. वारंवारता सारणी दिसली की बाकीच्या बायकांना काय आठवत असेल ते त्यांनाच माहीत, मला कमल आठवते. इतक्या वर्षांनीही ती आठवली की आधी छातीत काहीतरी आवळतं आणि मग तिचा चेहरा समोर येतो. हेवा म्हणतात त्याला. लिहिताना हेवा हा शब्द बरा दिसतो, जरा शालीन वाटतो. खरं सांगायचं तर मी तिच्यावर जळायचे.

आमचं गाव कळस, इंदापूर तालुक्यातलं. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही ऊसवाले. माझे वडील, म्हणजे आबा, कारखान्याचे सभासद, आणि पंचक्रोशीत त्यांच्या उसाचं नाव होतं. कमलचं घर वर माळावर. तिच्या आजोबांची मेंढरं होती, दिवाळी झाली की ती माणसं कळप घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. तिच्या वडलांनी मेंढरं विकून माळावर विहीर पाडली. विहिरीला ज्वारीपुरतं पाणी लागलं, तेवढ्यावर ते थांबले. कमल आणि मी एका वर्गात, एका बाकावर. शाळा सुटली की ती आमच्याकडे यायची, कारण तिचे वडील संध्याकाळी कामावरून सायकलनं परतायचे तेव्हा तिला घेऊन माळावर जायचे. तोवर आमच्या पडवीत आम्हा दोघींचा गृहपाठ चालायचा.

आबा जुने मॅट्रिक. पुढं शिकायचं राहून गेलं ते गेलंच, पण गणिताची गोडी सुटली नव्हती. शेतातून यायचे, हातपाय धुवायचे, बशीतून चहा प्यायचे आणि पोतं टाकून आमच्यासमोर बसायचे. "काय दिलंय आज सरांनी?" हे वाक्य ते इतक्या उत्सुकतेनं म्हणायचे, जणू सरांनी खाऊ दिला असावा. गणित सुटलं की वहीवर बरोबरची खूण करायचे. ती खूण मला रोज मिळायची. मी नीटनेटकी होते, पायऱ्या सोडायची नाही, उत्तराला दोन रेघा मारायची. पण कमलनं काही वेगळं केलं की ते खूण करायचंच विसरायचे आणि घरात बघून हाक मारायचे, "अगं ए, हितं ये. बग ह्या पोरीनं काय केलंय!" आई पिठाचे हात घेऊन बाहेर यायची. तिला त्या वहीतलं काही कळायचं नाही, पण कौतुकानं मान हलवायची. त्या सबंध हंगामात मला एकच गोष्ट हवी होती. आबांनी माझ्या एखाद्या गणितासाठी आईला तशी हाक मारावी. नवा ड्रेस नको होता, सहलीला जायचं नव्हतं, तेवढी एक हाक हवी होती.

तेव्हाच्या दुपारींचा वास अजून नाकात आहे. शाळूची ज्वारी पोटरीला आलेली, ऊसतोडणीचे फड चालू, आणि तोडलेल्या रानात पाचट पेटवलेलं. त्या पाचटाची काळी राख वाऱ्यावर तरंगत यायची आणि अलगद वहीच्या पानावर बसायची. तिला बोट लावलं की डाग पडायचा. मी बोट लावायचे. कमल वाकून हलकी फुंकर मारायची आणि पान होतं तसं स्वच्छ. आता ह्यात जळण्यासारखं काय आहे? पण मी जळायचे. तिच्या दोन घट्ट वेण्यांवर जळायचे, तिच्या बारीक, सरळ आकड्यांवर जळायचे. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला असायचा, त्याला तिनं सेफ्टीपिन लावलेली असायची, आणि ती पिन लपवायची तिला कधी गरज वाटायची नाही. मला त्या तुटक्या चपलेचाही हेवा वाटायचा. माझ्या पायात चांगले सँडल होते आणि बाकाखाली पाय ओढून घ्यायची सवय माझीच.

त्रिकोणमितीचा तक्ता मी गोठ्यात फेऱ्या घालून पाठ केला होता. शून्य, तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद. साईन, कॉस, टॅन. आमच्या म्हशींनाही साईन तीस म्हणजे एक छेद दोन एवढं तरी नक्की पाठ झालं असणार. कमलनं तो तक्ता कधीच पाठ केला नाही. गरज पडली की काडी घ्यायची, पडवीखालच्या मातीत समभुज त्रिकोण काढायचा, त्याच्या टोकावरून खाली लंब टाकायचा आणि पुटपुटायची, "ही बाजू दोन, हिची निम्मी एक, म्हंजी उरली ती वर्गमूळ तीन. झालं की." दर वेळी नव्यानं. मला तो वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. आबांना तो इतका देखणा वाटायचा की ते काडी हातात घेऊन स्वतः एकदा काढून बघायचे.

"हिला पाठ करायची गरजच न्हाय," ते आईला म्हणाले. माझ्या तोंडात तेव्हा टॅन साठ होता. मी तो गिळला.

एकदा सरांनी गावातल्या कोणत्याही उंच वस्तूची उंची काढून आणायला सांगितली. रविवारी आबा आम्हा दोघींना घेऊन ग्रामपंचायतीजवळच्या पाण्याच्या टाकीकडे गेले. कोनमापकाला दोरा बांधलेला, दोऱ्याला मोटारीचा एक जुना नट लटकवलेला. आबांनी फीत धरली. कोनमापक माझ्या हातात होता, कारण तो माझ्या कंपासपेटीतला होता आणि मी तो तिला देणार नव्हते. मागं सरकत सरकत मी अशा जागी आले की दोरा नेमका पंचेचाळीसवर थांबला. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. पंचेचाळीसचा टॅन एक, म्हणजे टाकीपासून माझं जेवढं अंतर तेवढीच टाकीची उंची. आकडेमोडही नको! मी ओरडून उत्तर सांगितलं. आबा खूश झाले, मला दिसलं ते. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात कमल म्हणाली, "विजे, तुझा डोळा काय जमिनीवर हाय व्हय?"

ती टाकीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी उभी होते. कोन माझ्या डोळ्यापासून मोजलेला, मग माझी उंची त्या उत्तरात मिळवायला नको?

"आरं तिच्या!" आबांनी मांडीवर थाप मारली. "आपण आपली उंचीच इसरलो की!" आई तिथं नव्हती, म्हणून त्यांनी पानपट्टीवर बसलेल्या माणसांना हाका मारून बोलावलं आणि कमलला तेच पुन्हा सांगायला लावलं. माणसांनी पानाचे तोबरे सांभाळत "व्हय व्हय" केलं. मी दोरा बोटाला गुंडाळत उभी होते. बोट पार निळं पडलं होतं.

मनाच्या अशा अवस्थेत मी असताना सांख्यिकी आली.

आमचे गणिताचे सर त्या वर्षी लांबून बदलून आलेले. माणूस हौशी. पुस्तकातल्या सारण्या त्यांना पुरेनात. त्यांनी सांगितलं, दोघादोघांनी जोडीनं गावात फिरा, प्रत्येक घरी विचारा की यंदा ऊस एकरी किती टन निघाला, त्याची वर्गांतरं पाडा, ताळ्याच्या खुणा करा आणि मध्य काढून आणा. सरांना आमच्या भागाची रीत ठाऊक नव्हती. आमच्याकडे माणसाला वय विचारा, जात विचारा, सासरवाडीचं भांडण विचारा, तो सांगेल. एकरी टन विचारलं की तो आधी विचारणाऱ्याचं तोंड बघतो. उसाची नोंद घ्यायला येणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला एक आकडा, सोसायटीत दुसरा, सोयरिकीच्या बैठकीत तिसरा. खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही नसतं. पाहुणा बघून ताट वाढावं तसा तो आकडा वाढतात.

मी कमलबरोबर जायला नकार दिला. टाकीचा प्रसंग ताजा होता. म्हटलं, तू तुझी हिंड, मी माझी हिंडते. आळी तीच, घरं तीच, फक्त ती एका दिवशी गेली आणि मी दुसऱ्या. सुरुवात मी अर्थातच आमच्या घरापासून केली.

"आबा, आपला यंदा एकरी किती?"

आबा औताचं काहीतरी ठोकत बसले होते. हातोडी थांबली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे. "लिही पासष्ट," ते म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले.

पासष्ट! मी तो आकडा ठळक लिहिला आणि ऐटीत बाहेर पडले. पहिल्याच घरी तात्या ओट्यावर दात कोरत बसलेले.

"आबाची पोर न्हवं का तू? काय लिवती?"

मी सांगितलं.

"आसं व्हय. तुझ्या आबानं किती सांगितला?"

"पासष्ट," मी मान वर करून म्हणाले.

तात्यांनी काडी दातातून काढली, आढ्याकडे बघितलं. "मग आमचा लिही त्रेसष्ट. यंदा जरा खत कमी पडलं."

पुढच्या घरी चौसष्ट निघाला. त्याच्या पुढच्या घरी बाई एकट्या होत्या, त्यांनी आत जाऊन नवऱ्याला उठवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "सासष्ट म्हणत्यात." साऱ्या आळीत कुणी साठाच्या खाली उतरलं नाही. माझ्या ताळ्याच्या खुणा शेवटच्या दोन वर्गांतरांत अशा गर्दी करून बसल्या की वरची घरं ओस पडली. मला काहीच शंका आली नाही. उलट वाटलं, काय गाव आहे आपलं! आणि त्यातही आबा जवळपास सगळ्यांच्या वर.

सोमवारी सरांनी दोन्ही तक्ते फळ्यावर उतरवले. कमलचा मध्य चाळिसाच्या आसपास आला होता. माझा साठाच्या पुष्कळ पुढं. सर खडू हातात घेऊन दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"एकच गाव, तीच घरं, एकच हंगाम," ते म्हणाले. "मग मध्य दोन कसे? विजया, तू घरी बसून आकडे भरलेस काय?"

वर्ग हसला. त्या हसण्यात कमल नव्हती, हे मी तेव्हाही पाहिलं होतं, पण ते माझ्या उपयोगाचं नव्हतं. ती हसली असती तर बरं झालं असतं. निदान तिच्यावर चिडायला मला कारण मिळालं असतं.

घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि रडत रडत आबांना सांगितलं की कमलनं काहीतरी चुकीचं लिहून आणलंय आणि सर मला खोटी म्हणतात. कमल पायरीवर उभी होती, चपला काढून. आबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं, दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोटानं एकेक घर वाचायला लागले. तात्या, हिच्याकडं त्रेसष्ट, तिच्याकडं अडतीस. पुढचं घर, चौसष्ट आणि एक्केचाळीस. सासष्टवाल्यांच्या इथं सदतीस आला तेव्हा आबांना हसू आवरेना.

"तुला इचारलं न्हाय का कुणी, तुमचा किती म्हणून?" त्यांनी कमलला विचारलं.

"इचारलं की," कमल म्हणाली. "मी म्हणलं, आमचा ऊस न्हाय. मग म्हणाले, बरं, लिही."

आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, "समदं गाव माझ्या मागं लागलंय बग!" लोक आपल्याशी चढाओढ करतात, आपल्या लेकीपुढं आकडे फुगवतात, ह्याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता. मलाही हळूहळू बरं वाटायला लागलं. म्हणजे गाव आमच्यावर जळतं. हे मला माहीतच नव्हतं. जळणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, पण ते आपल्या दिशेनंही येतं, हे नवीन होतं, आणि गोड होतं.

मग आबांचं बोट खाली सरकलं आणि कमलच्या यादीत शेवटी असलेल्या आमच्या घराच्या ओळीवर आलं.

माझ्या वहीत पासष्ट. कमलच्या वहीत त्रेचाळीस.

आबांचं हसू जिथल्या तिथं राहिलं. बोट त्या ओळीवरून जरा भरभर पुढं गेलं, पण पुढं घरच नव्हतं. मी ती ओळ पाहिली होती.

"आबा, आपला किती हाय?"

"ती लिवतीया तेवढाच हाय," ते म्हणाले. "यंदा पाण्याची पाळी चुकली नव्हं."

"मग मला पासष्ट का सांगितला?"

आबा उठले. "लाइट आली वाटतं," ते म्हणाले, "मोटार चालू करून येतो." आणि शेताकडे निघून गेले. घरातला बल्ब दारातून दिसत होता, तो बंद होता.

मला वाटतं, माझा खरा हेवा त्या दुपारी जन्माला आला. आधीचा सगळा नुसता सराव होता. वडील खोटं बोलले ह्याचं मला फारसं काही वाटलं नाही. गावातले सगळे बोलले, ते एक बोलले. पण माझ्याच घरचा खरा आकडा मला दुसऱ्याच्या पोरीच्या वहीत वाचायला मिळावा? तिला विश्वासात घेतलं आणि मला बाहेर ठेवलं. तिची लायकी होती खरं ऐकायची, माझी नव्हती. मी पाठ करणारी पोर, मला जे सांगाल ते मी ठळक अक्षरात लिहून घेणार. पंधराव्या वर्षी मी एवढाच निष्कर्ष काढला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. परीक्षा होईपर्यंत मी आबांशी कामापुरतं बोलले. कमलला म्हटलं, मला आता एकटीनं अभ्यास केलेला बरा पडतो. ती शाळेच्या फाटकाजवळ वडलांची वाट बघत उभी राहायला लागली. आबा पडवीत पोतं टाकून बसायचे, माझ्या वहीवर बरोबरची खूण करायचे. समोर मी एकटी होते. आता तरी आईला हाक मारतील असं वाटायचं. पण नाही.

ताळ्याच्या खुणा चारानंतर पाचवी आडवी मारून बांधतात, तशी माझी पुढची वर्षं मी कमलला धरून बांधत गेले. सर गृहीतमध्याची रीत शिकवताना म्हणायचे, गृहीतमध्य कोणताही धरा, प्रत्येकाचं त्याच्यापासूनचं विचलन काढा, उत्तर शेवटी तेच येतं. मी गृहीतमध्य कमल धरला. तिनं बारामतीला सायन्स घेतलं, मी कॉमर्स, विचलन वजा. माझं लग्न आधी झालं, विचलन अधिक. ती एम.एस्सी. झाली, वजा. मी बारामतीत स्वतःचं घर बांधलं, अधिक. ती आमच्याच गावच्या शाळेत गणिताची बाई होऊन परत आली आणि गावातली पोरं तिच्या पाया पडायला लागली, तेव्हा मात्र बेरीज पार कोलमडली. सरांचं म्हणणं वहीतल्या गणितापुरतं खरं असेल. माझं उत्तर कुठल्याही बाजूनं काढलं तरी कमीच यायचं.

आता आई नाही. आबा कळसच्या घरात एकटेच असतात. बारामतीला या म्हटलं की म्हशीचं कारण सांगतात. मी रविवारी जाऊन येते आणि रोज संध्याकाळी फोन करते. "जेवलात का?" "जेवलो की." "काय खाल्लं?" "दोन भाकरी, पिठलं, कांदा." रोज दोन भाकरी. गेलं वर्षभर हा आकडा हलला नाही. रविवारी गेले की मनगटं पूर्वीपेक्षा बारीक दिसतात, म्हणून मला शंका आली. कमल शाळेतून जाता-येता त्यांच्याकडे डोकावते हे मला माहीत होतं. एके दिवशी नाइलाजानं मी तिला फोन केला.

"अर्धी," कमल म्हणाली. "तीही दुधात कुस्करून."

तेव्हापासून माझा नियमच झाला. आधी आबांना फोन, मग कमलला. पहिला फोन ठेवला की दुसरा लावेपर्यंत जे मधले काही क्षण असतात, त्यांत मला काळजी वाटायला हवी. ती वाटतेच, पण तिच्या आधी ते जुनं छातीतलं आवळणं येऊन जातं. माझ्या बापाचं खरं अजून तिच्याकडेच आहे.

ह्या आठवड्यात लेक टेबलावर मध्यकाशी झगडत होती आणि मी नेहमीप्रमाणे कमलला फोन लावला. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "विजे, घाबरू नकोस. परवा आबा गोठ्यात पाय घसरून पडले. हाताला मुका मार आहे, मी डॉक्टरकडं नेऊन आणलं. तुला सांगू नको म्हणाले."

मी नुकतीच त्यांच्याशी बोलले होते. ठणठणीत आहे म्हणाले होते.

आणि मग इतक्या वर्षांत जे कधी तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. "तुला बरं सांगतात गं सगळं! तेव्हाबी तुलाच खरं सांगितलं, आताबी तुलाच. उसाचा आकडा तुला, दुखणं तुला. मी कोण हाय मग त्यांची?" लेक पेन्सिल थांबवून माझ्याकडे बघायला लागली. माझी बोली एकदम गावची झाली होती.

मग कमल बोलली, आणि तिच्याही आवाजातली शाळेतली बाई निघून गेली होती.

"माझ्या बानं मला कधी खोटं सांगितलं न्हाय, विजे. हिरीला पाणी न्हाय, तर न्हाय. घरात पीठ न्हाय, तर न्हाय. आठ वर्सांची हुते तवापासनं समदं खरंच ऐकत आले मी. मला काय वाटंल म्हणून कुणी एक आकडा वाढवून सांगितला न्हाय कधी. तुझ्या आबांनी त्या दिवशी मला त्रेचाळीस सांगितलं, कारण माझ्याफुडं कमी झाले तरी त्यांचं काय जात हुतं? तुझ्याफुडं कमी व्हायचं नव्हतं त्यांला. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तवाच मला कळलं हुतं ते. घरी जाताना सायकलवर मागं बसून लई रडले हुते मी."

ती म्हणाली, "ठेवते, पेपर तपासायचेत," आणि तिनं फोन ठेवला. ट्रॉल्यांचा आवाज खालून येत होता. लेक विचारत होती, आई काय झालं, कुणाचं दुखणं? तिला म्हटलं, उद्या सकाळी आपण कळसला जायचंय, वह्या बरोबर घे.

मग मी पुन्हा आबांना फोन लावला. हाताचं विचारायचं नाही, हे ठरवूनच लावला.

"आबा, मघाशी विचारायचं राहिलं. जेवलात का?"

"जेवलो की."

"किती खाल्ल्या?"

"दोन," आबा म्हणाले. माझ्या गप्प राहण्यातून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "दोन कुठल्या, अडीच खाल्ल्या बग आज."